पायापासून कळसापर्यंत : बडोद्याचे विद्यापीठ आणि त्याचा मुलूख

विद्यापीठ म्हटले की आपल्यासारख्या परप्रांतात स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या मनात प्रथम येते ती पदवी. आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांनी वा आजोबांनी ट्रंकेत जपून ठेवलेले एखादे प्रमाणपत्र बरोबर घेऊन घर सोडले आणि रेल्वे, टपालखाते, बँका, गिरण्या व सरकारी कचेऱ्या यांच्या आश्रयाने दूरदेशी बिऱ्हाड मांडले. पदवी माणसाला पंख देते, हे आपण अनुभवाने जाणतो. परंतु या गोष्टीची दुसरी बाजू क्वचितच विचारात घेतली जाते. ज्या गावाने ते विद्यापीठ पोसले, ज्या प्रांताच्या महसुलातून त्याच्या इमारती उभ्या राहिल्या, त्या गावाच्या व त्या प्रांताच्या पदरात शेवटी काय पडते? शिकलेला मुलगा निघून गेल्यावर मागे काय उरते?

या प्रश्नाचा विचार करण्यास बडोद्याइतके बोलके उदाहरण आपल्या देशात थोडेच सापडेल. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. परंतु त्याची घडण त्यापूर्वी जवळजवळ सात दशके चालू होती. आपणांस या इतिहासात रस वाटावा याला आणखी एक कारण आहे. गायकवाडांचे घराणे हे स्वतःच मूळ मुलखापासून दूर, परभाषी प्रदेशात रुजलेले मराठी घराणे. राज्यकर्ते मराठी आणि प्रजा बहुतांशी गुजराती, अशी या संस्थानाची स्थिती होती. ज्या भूमीत आपण येऊन राहिलो त्या भूमीचे आपण काय देणे लागतो, हा प्रश्न त्या घराण्यापुढे जसा होता तसाच तो, अर्थात फार लहान प्रमाणावर, आपल्यापैकी प्रत्येकापुढे आहे. बडोद्याच्या शिक्षणसंस्था हे त्या प्रश्नाला दिलेले एक उत्तर होय. ते उत्तर किती पुरे पडले आणि कोठे अपुरे राहिले, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

कवळाण्याचा मुलगा

१८७५ साली इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केले. त्यानंतर महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातील गोपाळराव नावाच्या बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. शेतकरी घरातल्या या मुलाचे तोवर शिक्षण असे झालेच नव्हते. गादीवर बसल्यावर त्याचा अभ्यास सुरू झाला. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्यकारभाराची सर्व सूत्रे हाती आली तेव्हा सयाजीराव अवघे अठरा वर्षांचे होते. उशिरा आणि कष्टाने मिळालेल्या विद्येची किंमत ज्याला कळते, तो ती इतरांना देण्याच्या बाबतीत उदार होतो, असे म्हटल्यास सयाजीरावांच्या बाबतीत अतिशयोक्ती होणार नाही.

संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे चार प्रांत गुजरात-काठेवाडात विखुरलेले होते आणि त्यांच्या मधूनमधून इंग्रजी अंमलाचा व इतर संस्थानांचा प्रदेश पसरलेला होता. अशा राज्याला बांधून ठेवणारे सूत्र लष्कराचे असणे शक्य नव्हते, कारण लष्करी सत्ता इंग्रजांच्या हाती गेली होती. ते सूत्र कारभाराचे आणि शिक्षणाचेच असू शकत होते.

या सुमारास बडोदा कॉलेज सुरू झाले. रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाने आखलेली त्याची भव्य इमारत आणि विजापूरच्या गोल घुमटाची आठवण करून देणारा तिचा घुमट आजही त्या शहराची खूण म्हणून ओळखला जातो. कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. १८५७ साली स्थापन झालेली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर परीक्षा घेणारी व पदव्या देणारी मंडळे होती. शिकवण्याचे काम दूरदूरच्या कॉलेजांनी करावयाचे. साहजिकच बडोद्यात काय शिकवावे हे मुंबईत ठरे. या कॉलेजाची कीर्ती लहान नव्हती. अरविंद घोष १८९३ साली संस्थानच्या नोकरीत आले व पुढे या कॉलेजात प्राध्यापक व उपप्राचार्य झाले. विनोबा भावे यांचेही विद्यार्थिदशेतील काही काळ येथेच वास्तव्य होते. तथापि कॉलेजातून बाहेर पडणारा पदवीधर बव्हंशी कारकून, वकील, शिक्षक किंवा अंमलदार होई. कडी प्रांतातल्या विणकराला अथवा बडोद्याच्या रंगाऱ्याला या घुमटाखाली घडणाऱ्या गोष्टींचा काही उपयोग नव्हता.

कलाभवन

ही उणीव ज्यांच्या ध्यानात आली ते गृहस्थ म्हणजे कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. सुरतेच्या या विद्वानाची मराठी वाचकांना एक वेगळी ओळखही सांगता येईल. १८९६ साली चाफेकर बंधूंनी मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यास डांबर फासले. तो डाग काही केल्या निघेना, तेव्हा रसायनांच्या साह्याने तो काढून टाकणारे शास्त्रज्ञ हेच प्रा. गज्जर. डांबरापासूनच जर्मनीत नवे कृत्रिम रंग तयार होत होते आणि त्या रंगांच्या आयातीने आपल्याकडील परंपरागत रंगाऱ्यांचा धंदा पार ढवळून निघाला होता. मुळ्या, साली आणि नीळ यांपासून रंग काढणाऱ्या कारागिराच्या हाती एकाएकी परदेशी पुडी आली. पण ती कापडावर पक्की कशी बसवावी, याचे ज्ञान त्या पुडीबरोबर आले नाही. ज्ञान जर्मनीत, पुडी बाजारात आणि कारागीर दोहोंच्या मध्ये अडकलेला, अशी ती अवस्था होती.

गज्जरांनी महाराजांना सुचविलेली आणि महाराजांनी उचलून धरलेली योजना १८९० साली 'कलाभवन' या नावाने साकार झाली. चित्रकला, वास्तुशिल्प, यंत्रकाम, विणकाम, रंगकाम व रसायन असे तिचे विभाग होते. त्या काळच्या दृष्टीने सर्वांत धाडसाची गोष्ट म्हणजे हे शिक्षण देशी भाषेतून द्यावयाचे ठरले. इंग्रजी न येणाऱ्या सुताराच्या, लोहाराच्या, साळ्याच्या मुलाला यंत्रशास्त्र व रसायन शिकता यावे, हा त्यामागील हेतू होता. त्यासाठी गुजरातीत व मराठीत शास्त्रीय पुस्तके तयार करण्याचे काम राज्याच्या पैशाने हाती घेण्यात आले. परिभाषा नव्हती, ती घडवावी लागली. रंगाऱ्यांसाठी गज्जरांनी 'रंगरहस्य' नावाचे गुजराती नियतकालिकही चालविले.

या संस्थेचे फळ काय? कलाभवनात शिकलेली मुले अहमदाबाद-मुंबईच्या कापडगिरण्यांत रंगखात्यांवर, यंत्रखात्यांवर कामाला लागली. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचे शिक्षणही येथेच झाले, आणि छायाचित्रणाशी त्यांचा निकटचा परिचय बडोद्यात झाला. १९०७ साली बडोद्यास अलेंबिक हा औषधांचा व रसायनांचा कारखाना उभा राहिला. प्रा. गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलाल दाजीभाई अमीन ही तीन नावे त्याच्या स्थापनेशी निगडित आहेत. त्यांतील एक मराठी व दोन गुजराती आहेत, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. प्रयोगशाळेतील ज्ञान त्याच गावच्या मातीत कारखान्याच्या रूपाने उगवल्याची आपल्या देशातील जी आरंभीची उदाहरणे आहेत, त्यांत याची गणना केली पाहिजे. पुढच्याच वर्षी, २० जुलै १९०८ रोजी, सयाजीरावांच्या प्रेरणेने बँक ऑफ बडोदा स्थापन झाली आणि उद्योगाला लागणाऱ्या भांडवलाचीही सोय गावातच झाली. शाळा, प्रयोगशाळा, कारखाना आणि पेढी ही चार अंगे वीस वर्षांच्या आत एकाच नगरात एकत्र आली, आणि त्या काळात बडोद्यास विद्यापीठ नव्हते!

खालचे मजले

येथे वाचकांनी या क्रमाकडे लक्ष द्यावे. आपल्या देशात पुष्कळ ठिकाणी आधी कळस उभारला गेला आणि पायाचा विचार नंतर झाला. बडोद्याचा क्रम उलटा होता. १८९३ साली अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. तो यशस्वी ठरल्यावर १९०६ साली सर्व राज्यात सक्ती लागू झाली. ही सक्ती मुलींनाही होती. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड होई. नामदार गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा त्यांच्यापुढे बडोद्याचा दाखला होता. विधेयक फेटाळले गेले; बडोद्याच्या शाळा मात्र चालू राहिल्या.

लिहावयास शिकलेल्या मुलाच्या हाती पुढे पुस्तक पडले नाही तर चार वर्षांत अक्षर विसरते, हे अनुभवाने कळले. त्यावर उपाय म्हणून १९१० साली सयाजीरावांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांस पाचारण केले. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय, तालुक्याच्या गावी ग्रंथालय, खेड्यात वाचनालय आणि जेथे तेही नाही तेथे लाकडी पेटीतून गावोगाव फिरणारी पुस्तके, अशी सारी साखळी त्यांनी जोडली. ग्रंथालयांविषयीचे एक नियतकालिकही निघाले. ते इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तिन्ही भाषांत असे. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या शिक्षकांनी खेडोपाडी वाचनालये काढून या चळवळीला लोकांचे पाठबळ मिळवून दिले. सरकारने पैसा द्यावा, गावानेही आपला वाटा उचलावा, हे तत्त्व त्यात होते. म्हणून गावाला ते वाचनालय आपले वाटे.

याच्याच जोडीला संगीतशाळा होती. १८८६ साली मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली ती सुरू झाली आणि दरबारी गाणे सामान्य घरातील मुलांना शिकता येऊ लागले. १८९४ साली वस्तुसंग्रहालय झाले. जुन्या पोथ्यांचा संग्रह करून त्या छापण्याचे काम गायकवाड प्राच्य ग्रंथमालेच्या रूपाने सुरू झाले आणि १९२७ साली त्यातून प्राच्यविद्या मंदिर उभे राहिले. पुढे वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे प्रचंड कार्य याच संस्थेने केले. १९६० ते १९७५ या काळात तिचे खंड प्रसिद्ध झाले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताचे जे केले तेच बडोद्याने रामायणाचे केले, असे म्हणता येईल. मराठी वाङ्मयालाही या नगरीने आपलेपणाने वागविले. मराठी साहित्य संमेलने तेथे १९०९, १९२१, १९३४ आणि अलीकडे २०१८ साली भरली. तथापि मराठीचा हा सन्मान गुजरातीला बाजूला सारून झाला नाही, यातच त्या राज्यकर्त्याचे शहाणपण दिसते.

दाराबाहेर राहिलेला विद्वान

असे असले तरी हा इतिहास केवळ गौरवगाथा म्हणून सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शिक्षणाने एखाद्या प्रदेशाचे सामाजिक जीवन किती पालटते, याची खरी कसोटी बडोद्यात १९१७ साली लागली आणि त्या कसोटीत ते नगर उतरले नाही.

अस्पृश्य मुलांसाठी सयाजीरावांनी कारकिर्दीच्या आरंभापासून शाळा काढल्या होत्या. त्या शाळांत शिकविण्यास सवर्ण हिंदू शिक्षक तयार होत ना, म्हणून मुसलमान व आर्यसमाजी शिक्षक नेमावे लागत. १९१३ साली बडोदे सरकारने भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधरास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन, लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून, आंबेडकर १९१७ साली करारानुसार बडोद्यास हजर झाले. राज्याच्या अर्थखात्याची धुरा पुढे त्यांच्याकडे सोपविण्याचा महाराजांचा विचार होता.

या विद्वानास बडोद्यात राहावयास जागा मिळाली नाही. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून फेकीत. हिंदूंच्या खाणावळीत वा घरात थारा नव्हता. नाव बदलून त्यांनी एका पारशी धर्मशाळेत आश्रय घेतला. ओळख पटल्यावर लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. ज्यांच्याकडे मदतीच्या आशेने ते गेले त्या स्नेह्यांनीही आपापल्या घरच्या अडचणी सांगितल्या. अखेर रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत सार्वजनिक उद्यानात दिवस काढून ते मुंबईस परतले. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवला आहे.

या घटनेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. राजाची इच्छा होती, तिजोरीतून पैसा दिला गेला होता, जगातील एका नामांकित विद्यापीठाची पदवी हाती होती. उणीव होती ती गावातील एका खोलीची. विद्या देणाऱ्या संस्था राज्य उभारू शकते. विद्यावंताला आपल्या आळीत राहू देणे हे मात्र आळीच्याच हाती असते. त्या एका खोलीअभावी बडोद्याने काय गमावले, याचा हिशेब कोणत्याही अर्थखात्याला मांडता येणार नाही. ज्या प्रदेशाने आपल्या खर्चाने मोठे केलेले माणूस आपल्याच हाताने घालविले, त्या प्रदेशात शिक्षण घराघरांत पोचले होते, पण घराच्या उंबऱ्याच्या आत ते शिरले नव्हते, असेच म्हणावे लागते.

कळस

विद्यापीठाची कल्पना बडोद्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून बोलली जात होती. १९२६-२७ साली प्रा. विजरी यांच्या अध्यक्षतेखाली एका आयोगाने तिचा विचारही केला. तथापि सयाजीरावांच्या हयातीत ती सिद्धीस गेली नाही. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे नातू प्रतापसिंहराव यांच्या कारकिर्दीत, संस्थान भारतात विलीन होत असताना, ३० एप्रिल १९४९ रोजी विद्यापीठाची स्थापना झाली. दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, बडोदे राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले. राज्य संपता संपता त्याने आपल्या प्रजेच्या हाती ठेवलेली ती अखेरची देणगी होती. राजवाडे, हत्ती आणि तोफा यांचे पुढे काय झाले हा प्रश्न अलाहिदा. पण कॉलेज, कलाभवन, संगीतशाळा आणि प्राच्यविद्या मंदिर हे सारे या विद्यापीठाच्या छत्राखाली आले आणि टिकले. कलाभवनातून तंत्रशास्त्र व अभियांत्रिकीची विद्याशाखा निर्माण झाली.

पहिल्या कुलगुरू श्रीमती हंसा मेहता झाल्या. स्त्री-पुरुष एकत्र शिकतात अशा विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविणाऱ्या त्या भारतातील पहिल्या स्त्री होत. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा होत असताना 'सर्व पुरुष' अशा अर्थाचे शब्द बदलून 'सर्व मानव' असे शब्द घालावयास त्यांनीच लावले होते. तीच दृष्टी त्यांनी विद्यापीठात आणली. गृहविज्ञान, समाजकार्य आणि ललितकला या विद्याशाखा त्यांच्या कारकिर्दीत आकारास आल्या. गृहविज्ञान म्हणजे स्वयंपाक व शिवणकाम अशी टीका तेव्हा होत असे. परंतु बालसंगोपन, पोषण व आरोग्य यांचा शास्त्रीय अभ्यास करून तो खेड्यापाड्यांतील मातांपर्यंत नेणारे शिक्षण म्हणून त्या शाखेने आपले स्थान मिळविले.

ललितकला शाखेची कथा तर सर्वश्रुतच आहे. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे यांनी चित्रकला विभाग घडविला, शंखो चौधरी यांनी शिल्पकला, आणि के. जी. सुब्रमण्यन यांनी खेड्यातील कारागिराची कला व शहरातील चित्रकाराची कला यांतील भिंत पाडली. सौराष्ट्रातून आलेल्या ज्योती भट्ट या विद्यार्थ्याने पुढे कॅमेरा घेऊन गुजरातच्या खेड्यांतील भिंतींवरची चित्रे, भरतकाम आणि रांगोळ्या टिपून ठेवण्यात आयुष्याची कित्येक वर्षे घालविली. काळाच्या ओघात त्यांतील बऱ्याच भिंती पडल्या, चित्रे उरली. विद्यापीठाने आपल्या मुलखाचे ऋण फेडले, असे ज्याविषयी निःशंकपणे म्हणता येईल, ते हे काम होय.

आर्थिक बाजूही पाहिली पाहिजे. स्वातंत्र्यानंतर खंभातजवळ व अंकलेश्वर येथे तेल सापडले. १९६० नंतरच्या दशकात कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना, खतकारखाना आणि १९६९ साली स्थापन झालेला पेट्रोकेमिकल्सचा सरकारी उद्योग यांनी बडोद्याच्या परिसराचे रूप पालटून टाकले. तेल भूगर्भातले होते. ते काही विद्यापीठाने निर्माण केले नाही. पण रसायन जाणणारे, यंत्र चालविणारे आणि नकाशे काढणारे हात आसपास तयार असल्याचा मोठा आधार या उद्योगांना मिळाला. शहरातही फतेगंज, सयाजीगंज, प्रतापगंज या भागांत विद्यार्थ्यांच्या आगेमागे खोल्या, खाणावळी, पुस्तकांची व छपाईची दुकाने वाढली. विद्यापीठ आपल्या गावाला पगार आणि खोलीभाडे या वाटेनेही पोसत असते. ही गोष्ट विद्वत्सभेत बोलली जात नाही, पण दुकानदाराला ती बरोबर ठाऊक असते.

जमा आणि खर्च

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. शिकलेला मुलगा निघून गेल्यावर मागे काय उरते?

बडोद्याच्याच एका विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊ. वेंकटरामन रामकृष्णन यांचे बालपण बडोद्यात गेले. त्यांचे वडील विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते. १९७१ साली तेथूनच भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले आणि २००९ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बडोद्याला या गोष्टीचा अभिमान वाटतो आणि तो योग्यच आहे. तथापि ज्या प्रयोगशाळांत हे संशोधन झाले त्या परदेशात होत्या, हेही तितकेच खरे. असा बुद्धिमान विद्यार्थी जाणारच. त्याला अडवू नये आणि अडविताही येत नाही. आपण तरी कोठे थांबलो? म्हणून निघून गेलेल्यांच्या कीर्तीवर विद्यापीठाचे त्याच्या प्रदेशाशी असलेले नाते मोजता येत नाही. ते मोजावे लागते जे मागे राहिले त्यांच्यावरून. कलाभवनात शिकून गिरणीत रंगखाते सांभाळणारा कारागीर, खेड्यातल्या वाचनालयाची किल्ली सांभाळणारा शिक्षक, गृहविज्ञान शिकून अंगणवाडीच्या सेविकांना पोषणाचे धडे देणारी मुलगी, हे खरे मागे उरलेले धन.

या दृष्टीने पाहता एक गोष्ट मनाला लागते. कलाभवनाने १८९० साली देशी भाषेतून विज्ञान शिकविण्याचा जो संकल्प केला, तो विद्यापीठाच्या काळात मागे पडला. विद्यापीठाने इंग्रजी माध्यम ठेवले. त्याचे लाभ उघड आहेत. देशाच्या कानाकोपऱ्यातून विद्यार्थी व प्राध्यापक बडोद्यास येऊ शकले. त्याविना ललितकलेची ती शाखाही घडली नसती. परंतु विणकराच्या मुलाला त्याच्या भाषेत रसायन सांगावे, त्यासाठी शब्द घडवावेत, पुस्तके लिहावीत, ही गज्जरांची तळमळ त्यात विरून गेली. जगाकडे उघडणारा दरवाजा आणि गावाकडे उघडणारा दरवाजा असे दोन दरवाजे विद्यापीठाला लागतात. एक उघडताना दुसरा लोटला गेला, तर विद्यापीठ गावात असूनही गावाचे राहात नाही.

काळाबरोबर कारभारही बदलत जातो. गुजरात राज्याने २०२३ साली सार्वजनिक विद्यापीठांसाठी एक समान कायदा केला आणि बडोद्याचे विद्यापीठही त्याच्या कक्षेत आले. निवडून आलेल्या जुन्या सभांची जागा नव्या व्यवस्थापनाने घेतली. त्याच नगरीत लालबागेतील प्रताप विलास राजवाड्यात २०१८ साली रेल्वे व वाहतूकविषयक शिक्षणाची नवी संस्था सुरू झाली व २०२२ साली ती गतिशक्ती या नावाने केंद्रीय विद्यापीठ बनली. म्हणजे धंद्याच्या शिक्षणाची परंपरा त्या भूमीत नव्या रूपाने चालू आहे. कायदे येतील आणि जातील. विद्यापीठ कोणाच्या अखत्यारीत आहे, या प्रश्नाइतकाच ते कोणाच्या उपयोगाचे आहे, हा प्रश्नही विचारत राहिले पाहिजे. आणि तो विचारण्याचा अधिकार त्या गावात राहणाऱ्या प्रत्येकाला आहे.

तो अधिकार आपल्यालाही आहे. आपण ज्या ज्या शहरांत राहतो, तेथे बहुधा एखादे विद्यापीठ आहे. आपली मुले त्यात शिकतात, काही जण त्यात शिकवितात. मुलांची पदवी पूर्ण होईपर्यंत आपला त्याच्याशी संबंध असतो आणि मग तो सुटतो. मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत आपण गणेशोत्सव केले, नाटके केली, वाचनालय चालविले. या सर्व गोष्टी आपल्या भाषेच्या आणि आपल्या माणसांच्या प्रेमापोटी झाल्या आणि त्या झाल्याच पाहिजेत. परंतु कवळाण्याच्या त्या मुलाने परक्या मुलखात जाऊन तेथील प्रजेच्या भाषेत शाळा काढल्या, हे स्मरणात ठेवले तर आपल्या कार्याची कक्षा थोडी रुंदावता येईल. मंडळाच्या वाचनालयात आपल्या शेजाऱ्यांच्या भाषेचेही एक कपाट असावे. आपल्यातील निवृत्त अभियंत्यांनी व शिक्षकांनी आठवड्यातील एखादी संध्याकाळ तेथल्या कारागिरांच्या मुलांसाठी ठेवावी. आणि दूरच्या गावाहून शिकावयास आलेल्या विद्यार्थ्याला खोली देताना त्याचे आडनाव विचारून आपण थबकू नये. १९१७ सालच्या बडोद्यात कमी पडली ती एक खोलीच होती. ती देणे तर आपल्यापैकी कित्येकांच्या हाती आहे.